एकतिसावा हात

मी एकदा एका मेलेल्या बाईचा हात धुऊन टाकला. साध्या पाण्याने नव्हे. कपडे धुवायची पावडर, दोन झाकणं फिनेल, मग गरम पाणी, आणि शेवटी तांदळाच्या पेजेची खळ.

घाबरू नका. हात म्हणजे हाताचा ठसा, कापडावरचा. पण ज्यांची ती बाई होती त्यांच्यासाठी त्यात फारसा फरक नव्हता, आणि मला तो फरक कळेपर्यंत कापड दोरीवर वाळत होतं.

तेव्हा मी चाळिशीत होते. संग्रहालयशास्त्राची पदविका पदरात होती आणि नाक जिथे असायला हवं त्याच्या चार बोटं वर होतं. सुरतेच्या जुन्या भागात, एका व्यापाऱ्याच्या रिकाम्या घराच्या माडीवर, एका ट्रस्टचं दोन दालनांचं संग्रहालय होतं. तिथे मी नोंदणी करायचे. वस्तू आली की तिची लांबी, रुंदी, ती कशाची, कुणी केली, कुणी दिली, अवस्था कशी, हे सगळं जाड रजिस्टरात रकान्या-रकान्यांत लिहायचं आणि तिला नंबर द्यायचा. कापडावर शाईने नंबर घालत नाहीत. सुती फितीवर लिहून ती फीत कोपऱ्यात सैल टाक्यांनी शिवायची असते. माझे टाके इतके सुबक असायचे की मी पाहुण्यांना आधी टाके दाखवायचे आणि मग वस्तू.

संग्रह म्हणाल तर असा: नाटकमंडळीत नावाजलेल्या एका नटाच्या मिशा, बिस्किटाच्या डब्यात. दारूच्या दुकानासमोर धरणं धरून तुरुंगात गेलेल्या एका आजीबाईंची जस्ताची थाळी, मागे खिळ्याने कोरलेला कैदी नंबर. एका कवीचा चष्मा, डावी काच तडकलेली. या मंडळींवर माझा फार जीव होता. सगळी मेलेली, सगळी शांत, आणि कुणीही माझ्या टेबलावर पानाची पिंक टाकणार नाही याची खात्री. मोठी माणसं मला अशीच आवडायची, डब्यात मावतील एवढी.

संग्रहालयाचे प्रमुख निवृत्त प्राध्यापक होते, त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. बडोद्याला शिकलेले, त्यामुळे मराठी चांगलं समजायचं, पण बोलता बोलता गुजरातीवर घसरायचे. त्यांच्या डोक्यात आलं की या शहराच्या संग्रहात सगळे शेठ आणि कवीच का? ज्यांच्या हातांवर हे शहर उभं आहे, त्यांचंही काही हवं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, आता इथे लूमचा तेलकट पट्टा आणून ठेवतील.

पट्टा आला नाही. ती आली.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या आदल्या वर्षीची गोष्ट. गोडादरा या कामगार वस्तीतल्या चाळीत राहणारी, मूळची खान्देशातली, एका साडी छापायच्या कारखान्यात रंगाच्या टेबलावर काम करणारी बाई. वय असेल सव्वीस-सत्तावीस. नवरा लूमवर विजेचा धक्का बसून गेलेला. तिच्या वस्तीत नळ नव्हता, म्हणजे नळ होता, पाणी नव्हतं. गटार मात्र बारा महिने वाहायचं. घरोघरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवणाऱ्या बायकांना तिने एकत्र केलं होतं आणि पाण्यासाठी मोर्चे नेले होते. दोनदा पोलीस चौकीत बसून आली होती. मोर्च्याचे फलक ती स्वतः रंगवायची, कारखान्यात डाग पडून टाकून दिलेल्या कापडावर, टेबलावर उरलेल्या रंगात. चित्र काढायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. साहेबांनी मोर्च्यात असाच एक फलक पाहिला आणि मागून घेतला.

ती तो काखेत गुंडाळून घेऊन आली. मी पांढरे हातमोजे चढवले. जुन्या कापडाला हाताचा घाम लागू नये म्हणून घालतात ते. तिने माझ्याकडे पाहिलं.

“हातमोजा कसाले घालात बाई? मना कपडाले काय खरूज व्हयनी का?”

“पद्धत असते,” मी म्हणाले.

“मी सात दिन उघडा हातघाई रंगाडं. आते पद्धत.”

तिने कापड टेबलावर सोडलं. ते मी आजही डोळे मिटून सांगू शकते. वर मधोमध एक भलामोठा नळ, काळा. त्याच्या तोंडातून पाण्याच्या थेंबांऐवजी हात पडत होते. खरे हात, बायकांनी रंगात बुडवून उमटवलेले: निळे, हिरवे, जांभळे, एकमेकांवर कोसळत खाली आलेले. काहींची बोटं वाकडी. एकीचा अंगठा तर जवळजवळ नव्हताच. आणि सगळ्यांत वर, नळाच्या तोंडाशी, एकच लाल हात. त्याचा रंग वेगळा दिसत होता, कोरडा, खडबडीत.

“हा कसला रंग?” मी विचारलं. नोंदीत लिहायला हवं ना.

“कुंकू. मना नंबर शेवटना. तीस जणी व्हयन्यात आनि रंग सरी गया. घरमा डबी पडेल व्हती, तीच पानीमा कालाडी.” मग माझ्या कपाळाकडे पाहून हसली. माझं तेव्हा चांगलं रुपयाएवढं असायचं. “कपाळले लावू नको म्हनतस लोके. हातले कोनी नही म्हनेल नही अजून.”

मी मान खाली घालून लिहायला लागले. वस्तू: कापडी फलक. ठसे: एकतीस. मग रकाना आला, ‘कलाकार’.

“नाव?” मी विचारलं.

“बठ्ठीस्ना लिखा. एकतीस जणी शेतस. सांगू?”

“एवढी जागा नाही.”

“मंग कोनंच लिखू नका.”

आणि मी काय लिहिलं असेल? समोर बाई उभी, जिवंत, घामेजलेली, बोटांच्या पेरांत जांभळा रंग अडकलेला, आणि मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: कलाकार – अज्ञात. त्या रजिस्टरची ती ओळ कुणी फाडून दिली तर मी आज चावून खाईन.

तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. पाण्यासाठी फलक घेऊन आलेली बाई, आणि माझ्या मागे माठ. जाताना तिने स्वतःच ओंजळ पुढे केली. तेव्हा दिलं.

मग पुढच्या वर्षी प्लेग आला.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना काय सांगायचं? शहर दोन दिवसांत उपसल्यासारखं रिकामं झालं. स्टेशनवर माणसं खिडक्यांतून आत शिरत होती. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपलं. तोंडाला रुमाल बांधलेले लोक एकमेकांकडे चोर बघावा तसे बघत. आम्हीही पळालो. माझे यजमान बँकेत, बारडोलीच्या शाखेला. तिथल्या एका सहकाऱ्याने उसाच्या शेताकाठची खोली दिली. शेजारपाजारच्यांनी आम्ही आलेलं पाहून दारं लावून घेतली आणि मला भयंकर अपमान वाटला. गोडादऱ्याच्या लोकांना दार लावणारी मी, मला कुणी दार लावतं! संग्रहालयाची किल्ली मी सगळे दिवस कमरेला खोचून ठेवली होती. वाटायचं, मी इतिहास वाचवते आहे. आत त्या वेळी उंदीर इतिहास कुरतडत होते.

ती गेली नव्हती. हे मला फार नंतर कळलं. चाळीतली निम्मी माणसं गावी पळाली. जी तापाने पडली होती ती कुठे पळणार? त्यांना हातगाडीवर घालून ती दवाखान्यात पोचवत राहिली. मग तिला ताप आला. कुठला ताप, कागदावर काय लिहिलं, कुणी नीट सांगितलं नाही. दवाखान्यात गेली ती परत आली नाही. तिची आई तेव्हा खान्देशात, तिची दोन वर्षांची मुलगी सांभाळत. निरोप पोचला तोवर सगळं उरकलं होतं. आणि भीतीपोटी शेजाऱ्यांनी तिची खोली उपसून दारासमोर जाळली: अंथरूण, साड्या, रंगाचे डबे, कुंचले, पत्र्याची पेटी. लग्नातला एकुलता एक फोटो त्या पेटीत होता.

शेजाऱ्यांना मी काय बोलणार? त्यांनी निदान राहून जाळलं.

हे सगळं मला सांगितलं ते तिच्या आईनेच. प्लेगला तीनेक वर्षं झाल्यावर, एका हिवाळ्यात, ती म्हातारी संग्रहालयाचा जिना चढून आली. नातीला घेऊन ती आता गोडादऱ्यालाच राहायला आली होती, लेकीच्याच चाळीत, टिकल्या चिकटवून पोट भरत होती. पर्वत पाटियाच्या चौकापर्यंत चालत, पुढे दोन रिक्षा बदलून ती आली होती. चाळीतल्या कुणा बाईने तिला सांगितलं होतं की लेकीच्या हाताचा ठसा असलेलं कापड इथे आहे.

“आठे शे ना?” तिने विचारलं. “मना पोरीना हात?”

“भांडारात आहे,” मी म्हणाले.

“दखाडा ना बाई. एकच डाव. मी देखसू, मंग नातीले लयसू. ती ईचारस, मनी माय कशी व्हती. तिले काय दखाडू? फोटू नही, लुगडं नही. कोनी म्हनस गोरी व्हती, कोनी म्हनस काळी व्हती. पोर माले ईचारी ईचारी दमनी.”

कुलूपबंद पेटी माझ्यापासून पंधरा पावलांवर होती. किल्ली माझ्याच कमरेला. साहेब गावात नव्हते. आणि नियम असा की भांडारातली वस्तू बघायची तर लेखी अर्ज हवा.

“अर्ज द्या,” मी म्हणाले.

तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी तिला विमान चालवायला सांगितलं.

मग मला दया आली. माझ्या दयेचं असंच होतं, नियम सांगून झाल्यावर यायची. मी म्हणाले, “आजी, दोन महिन्यांनी प्रदर्शन लागतंय. हे कापड भिंतीवर लागणार आहे. अगदी समोर. त्या दिवशी नातीला घेऊन या. अर्ज नको, तिकीट नको.”

“हात देखाले मियी ना तिले?”

“मिळेल. माझा शब्द.”

ती हात जोडून गेली. तिने मला हात जोडले! मी त्या दिवशी घरी जाऊन यजमानांना ही गोष्ट इतक्या मोठेपणाने सांगितली की त्यांनी विचारलं, “मग दाखवलं का नाहीस आजच?” मी म्हणाले, “तुम्हाला नाही कळायचं.” त्यांना चांगलंच कळलं होतं.

प्रदर्शन चार दिवसांवर आलं तेव्हा मी पेटी उघडली. वास आला. प्लेगनंतरच्या सुरतेत तो वास ज्याने ओळखला नाही असा माणूस नव्हता. पेटीच्या तळाला भोक, कापडाच्या घडीत उंदराच्या लेंड्या, एक कोपरा कुरतडलेला, मुताचे पिवळे डाग. सगळं शहर तेव्हा धुण्याच्या वेडाने झपाटलेलं होतं. रस्ते धुतले जात होते, गल्ल्यांत पांढरी पावडर पडत होती, बायका दाराचे उंबरे फिनेलने पुसत होत्या. घाण दिसली की आम्ही बादली उचलायचो. आणि मी तर मूळचीच स्वच्छतेचं भूत लागलेली बाई. माझ्या सासूबाई म्हणायच्या, हिच्या हाती देवाची मूर्ती दिली तर ही आधी नाक-डोळे घासेल.

साहेबांना विचारायला हवं होतं. संग्रहालयातल्या कापडाला पाणी लावायच्या आधी प्रत्येक रंगाचा ओल्या कापसाने कोपऱ्यात कस बघायचा असतो, हे मला पदविकेच्या दुसऱ्याच आठवड्यात शिकवलं होतं. आठवलं का? आठवलं. पण चार दिवसांवर उद्घाटन, येणारे पाहुणे मोठे, आणि मुताचे डाग लागलेलं कापड भिंतीवर? माझ्या हाताखालून? मी कापड पिशवीत घालून घरी नेलं.

यजमान पेपर वाचत होते. “हे काय?”

“संग्रहालयाचं आहे. जरा धुऊन काढते.”

“अगं, उद्या तिथली तलवार आणून चिंच लावून घासशील.”

“तलवारीवर उंदीर मुतत नाहीत.”

मी हातमोजे घातले. हो, हे लिहायलाच हवं. पांढरे हातमोजे घालून मी ते कापड बादलीत बुडवलं. वर पावडर, वर फिनेल. थोड्या वेळाने पाणी गुलाबी झालं. मला वाटलं, नवी साडी पहिल्या धुण्याला सोडते तसा रंग सोडतंय. म्हणून दुसरं पाणी घातलं, गरम. ते फिकट गुलाबी झालं. तिसरं पाणी स्वच्छ निघालं तेव्हा मला केवढं समाधान वाटलं! खळ केली. पिळलं. गॅलरीत दोरीवर टाकलं आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं.

निळे हात होते. हिरवे होते. जांभळे होते. कारखान्याचा रंग तो, पक्का. नळही होता, काळा कुळकुळीत. त्याच्या तोंडाशी काहीच नव्हतं.

खाली अंगणात मुलं खेळत होती. मी बादलीकडे गेले. पाणी मोरीत ओतून दिलेलं होतं. मी मोरीच्या जाळीपाशी वाकून पाहिलं, तिथे गुलाबी असं काहीच नव्हतं. चाळीतल्या लोकांनी तिची पेटी जाळली, कपडे जाळले, फोटो जाळला, आणि त्यातून जे उरलं होतं ते मी, शिकलेली, मोरीतून वाहू दिलं होतं.

मी रडले असं लिहायला मला आवडलं असतं. मी रडले नाही. मी आधी हा विचार केला की नोकरी जाईल. मग हा की साहेब काय म्हणतील. म्हातारी आणि तिची नात माझ्या मनात तिसऱ्या नंबरवर आल्या. कलाकार – अज्ञात लिहिणारी बाई ती, तिच्याकडून दुसरी काय अपेक्षा?

सांगायला हवं होतं. साहेबांना, आणि म्हातारीला. एक पत्र, एक चक्कर गोडादऱ्याला. त्याऐवजी उद्घाटनाच्या आदल्या दुपारी, कापड भिंतीवर चढल्यावर, सगळे जेवायला गेलेले असताना मी स्टुलावर चढले. पर्समध्ये माझी कुंकवाची डबी होती. वाटीत पाणी, थोडा डिंक. उजवा हात भिजवला आणि नळाच्या तोंडाशी दाबून धरला. दहापर्यंत मोजलं.

काढला तेव्हा ठसा सुरेख उमटला होता. फारच सुरेख. पाची बोटं सरळ, प्रत्येक पेर दिसणारं, एखाद्या पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखा. बाकीचे तीस हात काम करून आलेले दिसत होते. हा एकटा हात मेंदी काढून घ्यायला बसल्यासारखा.

संध्याकाळी साहेब कापडासमोर बराच वेळ उभे राहिले.

“बेन, आ लाल जरा वधारे लाल नथी?”

“जास्त लाल? ट्यूबलाइट नवी आहे ना, साहेब.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ट्यूबलाइटकडे. आणि निघून गेले. त्यांनी ओळखलं होतं का? ते गेल्याला आता खूप वर्षं झाली. माझ्यापुरतं मी ठरवून टाकलं आहे की ओळखलं होतं. कापडाखालच्या छापील पाटीवर ‘मूळ’ हा शब्द होता, तो त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी कापून काढलेला मला दिसला.

उद्घाटन झालं. पाहुण्यांनी नटाच्या मिशा पाहून विनोद केले, जस्ताच्या थाळीपुढे गंभीर झाले, चष्म्यातून कवीने काय पाहिलं असेल यावर एकाने भाषण केलं. कापडाकडे पाहून एक बाई म्हणाल्या, “किती डेकोरेटिव्ह!” खमण आणि पेढे झाले. दुपारी माणसं पांगली आणि मला वाटलं, आता म्हातारी येत नाही. खरं सांगते, मी तसं देवाजवळ मागितलं.

तीन वाजता ती आली. एकटी. नऊवारी धुऊन नेसलेली, पाय धुळीने भरलेले. मी विचारलं, “नात कुठाय?”

“खाल शे. चपला संभाळी ऱ्हायनी. नव्या लयेल शेतस तिले, आजसाठे.” मग हळू म्हणाली, “पयले मी देखस. मी रडनू ते पोर घाबरी.”

मी तिला भिंतीपाशी नेलं. बोट दाखवावं लागलं नाही. ती थेट लाल हातापाशी गेली. तिची उंची बेताची, ठसा तिच्या कपाळाच्या वर. साहेबांनी भिंतीवर पाटी लावली होती, वस्तूंना हात लावू नये. मी त्या पाटीच्या आड उभी राहिले. तिने टाचा उंचावल्या, दोन्ही तळवे कापडावर टेकले आणि गाल त्या ठशावर ठेवला.

ती काही तरी बोलत होती. माझ्याशी नाही. सगळं मला ऐकू आलं नाही, आलं तेही इथे लिहिणार नाही, ते माझ्यासाठी नव्हतं. मी तिथे उभी राहून नव्या ट्यूबलाइटचा आवाज ऐकत होते.

ती मागे वळली तेव्हा तिचा गाल लाल होता.

ओल्या गालाला कुंकू लागलं होतं, डाव्या डोळ्याच्या खालपासून हनुवटीपर्यंत. तिला ते जाणवलं असावं. तिने गालावरून हात फिरवला आणि बोटं पाहिली. चार वर्षांपूर्वीचं कुंकू असं ओलं होऊन हाताला लागत नाही, हे कळायला कुठली पदविका लागते? तिने ठशाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुढे येऊन तिने माझा उजवा हात धरला आणि उलटा केला. नखांच्या कडांत लाल होतं. आदल्या दिवशी मी तीनदा साबण लावला होता. एरवी माझं सगळं स्वच्छ निघतं.

“धुई टाकं का?” तिने विचारलं. अगदी हळू.

मी बोलायला लागले. उंदीर, वास, पिवळे डाग, प्लेगची भीती, मोठे पाहुणे, पक्का रंग, कच्चा रंग. मी खूप बोलले. तिने मला एकदाही थांबवलं नाही. माझं बोलणं आपोआप संपलं, आणि हात तिच्या हातातच होता. तिचा तळवा करवतीसारखा खरबरीत. मला वाटलं, ओरडेल. थुंकेल. मी त्याची वाट पाहत होते, कारण त्यानंतर सगळं संपलं असतं आणि मी घरी जाऊ शकले असते.

तिने माझा हात सोडला. पदराने गाल पुसला, नीट, दोनदा. मला विचारलं, “निंघनं का?” मी म्हणाले, “निघालं.” मग ती जिन्यापाशी गेली आणि खाली हाक मारली.

मुलगी आली. पाच-सहा वर्षांची, दोन वेण्या, हातात दोघींच्या चपला छातीशी धरलेल्या. मी म्हणाले, चपला इथे ठेव, कुणी नेत नाही. तिला पटलं नाही. तिने त्या काखेत मारल्या. मग ती कापडासमोर उभी राहून वर बघू लागली.

“कौनसा?” तिने आजीला विचारलं. गल्लीत ती हिंदी-गुजरातीच शिकली होती.

आजीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी हात पदराखाली घेतला होता.

“तो वरना. लाल. हाऊ तुनी मायना हात.”

“अडी शकाय?” पोरीने मला विचारलं. हात लावू का? शाळेत शिकवलं असणार, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणून.

मी मान हलवली. स्टूल मीच आणून दिलं, आदल्या दिवशीचं. ती चढली आणि आपला हात त्या हातावर ठेवला. तो त्या तळव्यात मावून वर खूप जागा उरली. मग म्हणाली, “केटलो मोटो छे!” आणि आजीकडे वळून हसली. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते.

मी त्यानंतर नऊ वर्षं तिथे काम केलं. त्या कापडासमोरून मी मान वर करून कधी गेले नाही. ती मुलगी पुढेही यायची, शाळेला सुट्टी असली की, आधी आजीबरोबर, मग मैत्रिणींबरोबर, आणि मैत्रिणींना दाखवायची. एकदा तर तिने मला विचारलं की तुम्ही माझ्या आईला पाहिलं होतं ना, कशी होती? मी म्हणाले, तिने मला हसून गप्प केलं होतं. तेवढं एक मी तिला खरं सांगू शकले. आज ती तिशी ओलांडून गेली असेल, तिलाही मुलं असतील. म्हणून आज हे लिहिते आहे. तिच्या हाती पडलं तर पडो. रजिस्टरातली ‘अज्ञात’ ही ओळ मी निवृत्तीच्या दिवशी खोडली आणि समासात नावं लिहिली, गोडादऱ्याला चार चकरा मारून विचारलेली. एकतिसांतली सव्वीसच मिळाली. उरलेल्या पाच जागा मोकळ्या ठेवल्या. ठशांची संख्या मात्र एकतीसच राहू दिली. तिथे काय लिहायचं ते मला आजतागायत सुचलेलं नाही.

पण त्या दुपारी. मुलगी स्टुलावरून उतरली, चपला घेऊन जिना उतरत गेली, धडधड आवाज करत. म्हातारी पहिल्या पायरीवर थांबली. मी तिच्या पाया पडायला वाकले, तिने वाकू दिलं नाही. माझ्या उजव्या मनगटाला धरून मला सरळ उभं केलं आणि म्हणाली,

“पोर मोठी व्हस तवलग हाऊ हात तिनी मायना शे, बाई. कोनवर उचलू नका.”